ब्राउझरमधील टपालपेटी : पत्रव्यवहार एका जागी, नक्कल आपल्या दुकानात

जुन्या पेढीवर गादीच्या मागे भिंतीला एक वाकवलेली तार टांगलेली असे. आलेले प्रत्येक पोस्टकार्ड, प्रत्येक अंतर्देशीय पत्र, प्रत्येक बिल्टीचा कागद त्या तारेत टोचला जाई. पुढे भावावरून किंवा मालावरून काही वाद निघाला की मुनीमजी तार काढत, पत्रे मागे सारत आणि दोन मिनिटांत तो कागद पार्टीसमोर ठेवत. आम्ही उर्दू शाळेतून निघून वडिलांच्या हाताखाली कापडाच्या धंद्यात बसलो, तेव्हा पहिला धडा हाच मिळाला : बोललेले विसरले जाते, लिहिलेले राहते, आणि लिहिलेले वेळेवर सापडायचे असेल तर ते एका जागी असावे लागते.

आता तार गेली आणि तिची जागा ईमेलने घेतली. पण आपल्या बहुतेक दुकानांत ही नवी पत्रे एका जागी नसतात. काही मालकाच्या मोबाइलमध्ये, काही मुलाच्या मोबाइलमध्ये, काही मुनीमजींच्या कॉम्प्युटरमध्ये, तर काही जुन्या पत्त्यावर, ज्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. याची किंमत किती पडते, ते आम्ही स्वतः मोजले आहे.

आमचा अनुभव

काही वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका पार्टीने आमच्याकडे ग्रे कापडाची ऑर्डर दिली. पनहा अठ्ठेचाळीस इंच ठरला. आम्ही सूत दिले, बीम भरले, माग चालू झाले. माल तयार होऊन गेला आणि आठ दिवसांत परत आला. पार्टीचे म्हणणे असे की, "पनहा त्रेपन्न इंच करा, असा मेल आम्ही ऑर्डरच्या तिसऱ्या दिवशीच पाठवला होता." आम्ही म्हणालो, असा मेल आलाच नाही. आवाज चढले. मध्ये पडलेल्या दलालालाही कोणाचे खरे मानावे ते कळेना.

शेवटी आमचा भाचा येऊन बसला. तो कॉम्प्युटरचे काम जाणतो. तासाभराने तो म्हणाला, "मामू, मेल आला होता. जुन्या पत्त्यावर आला, मुनीमजींच्या मशीनने तो उतरवून घेतला आणि वरून पुसून टाकला. तुमच्या मोबाइलला तो दिसणारच कसा?"

मुनीमजी त्या आठवड्यात गावी गेले होते. मेल त्यांच्या मशीनमध्ये न वाचलेला पडून होता. चूक पार्टीची नव्हती, मुनीमजींचीही नव्हती. चूक आमची होती, कारण टपाल कोठे येते आणि कोण पाहते याचा बंदोबस्त आम्ही केलाच नव्हता. कापड पडेल भावात विकावे लागले. विणकरांची मजुरी मात्र पूर्ण द्यावी लागली, आणि ती द्यायलाच हवी होती. त्यांनी सांगितले तसेच विणले होते. पार्टीला आम्ही खोटे ठरवले होते, त्याबद्दल फोन करून माफी मागितली. पैशाच्या नुकसानीपेक्षा तो फोन जड गेला.

त्यानंतर आम्ही या विषयाचा अभ्यास केला. जे समजले ते व्यापारी आणि कारागीर बांधवांसमोर ठेवत आहोत.

मेल पाहण्याच्या दोन रीती

मेल दोन रीतींनी पाहता येतो. पहिली रीत म्हणजे ब्राउझर उघडून मेल देणाऱ्या कंपनीच्या पानावर जाणे. पत्रे कंपनीच्या कॉम्प्युटरवर असतात, आपण फक्त खिडकीतून पाहतो. नेट बंद पडले की खिडकी बंद. तीन पत्ते असतील तर तीन खिडक्या.

दुसरी रीत म्हणजे मेलसाठी स्वतंत्र प्रोग्राम ठेवणे. याला मेल क्लायंट म्हणतात. तो सर्व पत्त्यांवरील पत्रे एका जागी आणतो आणि त्यांची नक्कल आपल्या कॉम्प्युटरवर ठेवतो. आज आपण जो प्रकार पाहणार आहोत तो या दोहोंच्या मधला आहे : ज्या ब्राउझरमध्ये आपण जीएसटीचे पोर्टल, बँक आणि मालाचे भाव पाहतो, त्याच ब्राउझरच्या आत बसवलेला मेल क्लायंट. वेगळा प्रोग्राम घ्यायला नको, शिकायला नको.

ही कल्पना नवी नाही. नेटस्केप कंपनीने १९९६ साली आपल्या नॅव्हिगेटर ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीत मेलची सोय दिली, आणि १९९७ साली कम्युनिकेटर या नावाने ब्राउझर आणि मेल यांचा एकत्र संच काढला. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट लोकांसाठी खुले केले. त्या काळात ज्यांनी नेट घेतले त्यांना नेटस्केपचे चिन्ह आठवत असेल. त्याच घराण्यातून पुढे मोझिला निघाला. मोझिलाने २००४ साली ब्राउझर आणि मेल वेगळे केले : ब्राउझर झाला फायरफॉक्स आणि मेल झाला थंडरबर्ड. जुना एकत्र संच काही स्वयंसेवकांनी सीमंकी या नावाने चालू ठेवला.

नॉर्वेच्या ऑपेरा ब्राउझरनेही २००३ साली सातव्या आवृत्तीत मेल आत बसवला होता. २०१३ साली ऑपेराने तो काढून वेगळा केला. ऑपेराच्या संस्थापकांपैकी एक असलेले योन फॉन टेट्झनर यांनी नंतर व्हिवाल्डी नावाचा नवा ब्राउझर काढला, आणि २०२२ च्या जून महिन्यात त्यात मेलची पहिली पक्की आवृत्ती आली. आज नवीन सुरुवात करणाऱ्याने व्हिवाल्डी घ्यावा असे आमचे मत आहे. सीमंकीमध्ये आजची पुष्कळ पाने नीट उघडत नाहीत. व्हिवाल्डी फुकट मिळतो आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालतो.

पॉप आणि आयमॅप : हा फरक समजलाच पाहिजे

आमचे नुकसान ज्या एका गोष्टीने झाले ती ही. मेल आपल्या मशीनवर आणण्याच्या दोन पद्धती आहेत.

पॉप ही पद्धत पोस्टमनसारखी आहे. पत्र घरी टाकले की पोस्टात काही उरत नाही. "एक प्रत वर ठेवा" अशी निवड केलेली नसेल तर मेल ज्या मशीनने उतरवला त्याच्याकडेच राहतो. बाकी कोणाला दिसत नाही. मुनीमजींच्या मशीनवर हेच होते.

आयमॅप ही पद्धत सामाईक कपाटासारखी आहे. कपाट मेल कंपनीकडे असते आणि दुकानातला कॉम्प्युटर, मालकाचा मोबाइल, मुलाचा लॅपटॉप हे सर्व त्याच कपाटात पाहतात. एकाने वाचले की सर्वांकडे वाचलेले दिसते. एकाने उत्तर दिले की ते उत्तर सर्वांना दिसते. दुकानात एकापेक्षा अधिक माणसे मेल पाहत असतील तर आयमॅपच घ्यावा.

पण एक इशारा : कपाट सामाईक असल्यामुळे एकाने पत्र फेकले आणि कचरापेटी रिकामी केली, तर ते सर्वांकडून जाते. म्हणून आयमॅप म्हणजे सुरक्षित नक्कल, असे समजू नये. नकलेचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. तो पुढे सांगितला आहे.

बसवण्याची रीत

१. व्हिवाल्डी त्यांच्या अधिकृत साइटवरूनच उतरवावा. कोणी पाठवलेल्या लिंकवरून नाही.

२. सेटिंग्जमध्ये जनरल हा भाग उघडावा. तेथे मेल, कॅलेंडर आणि फीड्स चालू करण्याची निवड असते. तिच्यावर खूण करावी.

३. सेटिंग्जमधील मेल या भागात नवीन खाते जोडावे आणि आपला मेलचा पत्ता टाकावा. जीमेलचा पत्ता असेल तर गुगलचेच पान उघडते. पासवर्ड तेथे द्यावा आणि परवानगी द्यावी.

४. फर्मच्या नावाचा स्वतःचा पत्ता असेल तर ज्याने तो दिला त्याच्याकडून चार गोष्टी लिहून घ्याव्यात : येणाऱ्या मेलच्या सर्व्हरचे नाव, जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरचे नाव, वापरण्याचे नाव आणि पासवर्ड. सुरक्षित आयमॅपचा दरवाजा क्रमांक बहुधा ९९३ असतो, आणि मेल पाठवण्याचा ४६५ किंवा ५८७.

५. फर्मचे जेवढे पत्ते आहेत तेवढे सर्व जोडावेत. जुना, विसरलेला पत्ता तर आधी जोडावा. आमचे नुकसान त्याच पत्त्यावर झाले.

६. नेट नसताना वाचता यावे म्हणून पूर्ण मेल उतरवून ठेवण्याची निवड चालू करावी. पहिल्या वेळी जुने मेल उतरायला वेळ लागतो. रात्रभर मशीन चालू ठेवले तर सकाळपर्यंत पुष्कळसे काम झालेले असते.

रोजमेळ आणि खातेवही

आता जी गोष्ट आम्हाला सर्वांत अधिक आवडली ती सांगतो. जुन्या रीतीत माणूस मेलसाठी खण करतो : एक खण पार्टीचा, एक बिलांचा, एक सुताचा. मग सुताचे बिल आले तर ते कोणत्या खणात टाकावे? एकात टाकले की दुसऱ्यात सापडत नाही.

व्हिवाल्डीमध्ये सर्व पत्त्यांवरील मेल एकाच साठ्यात जातो आणि आपण त्याकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहतो. व्यापाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. रोजमेळात नोंद एकदाच होते, पण तीच रक्कम पार्टीच्या खात्यातही दिसते आणि मालाच्या खात्यातही. येथेही तसेच. एकच मेल न वाचलेल्यांच्या यादीत दिसतो, त्या पार्टीच्या यादीत दिसतो आणि आपण लावलेल्या खुणेखालीही दिसतो. मेल एकच, पाहण्याच्या खिडक्या अनेक.

आमच्या दुकानात आम्ही तीनच खुणा ठेवल्या आहेत : उत्तर द्यायचे, माल द्यायचा, पैसे यायचे. सकाळी दुकान उघडले की प्रथम या तीन याद्या पाहायच्या. काम झाले की खूण काढायची. तिनापेक्षा अधिक खुणा केल्या की कोणी लावत नाही, हा आमचा तजुर्बा आहे.

शोधण्याची सोयही पक्की आहे. मेल आपल्या मशीनवर असल्यामुळे पार्टीचे नाव, बिलाचा क्रमांक किंवा कापडाचा प्रकार टाकला की मेलच्या आतील मजकूरसुद्धा तपासला जातो, नेट चालू असो वा नसो. एखादा शोध वारंवार लागत असेल तर तो फिल्टर म्हणून कायम ठेवता येतो. आमच्या मोठ्या पार्ट्यांचे असे फिल्टर आहेत. पार्टीचा फोन आला की तिच्या नावावर एक बोट, आणि सारा पत्रव्यवहार समोर. भिंतीवरची तार परत मिळाली, असेच म्हणायचे.

यासाठी आपल्यालाही एक शिस्त पाळावी लागते. मेलच्या विषयाची जागा रिकामी सोडू नये. तेथे ऑर्डरचा क्रमांक, मालाचे नाव आणि तारीख लिहावी. एका ऑर्डरबद्दलचे सर्व उत्तर त्याच मेलला द्यावे, म्हणजे धागा तुटत नाही. फोनवर काही ठरले तर त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाकावा : "आज फोनवर ठरल्याप्रमाणे पनहा अमुक, भाव अमुक, माल अमुक तारखेला." पार्टीकडून "बरोबर" एवढे उत्तर आले तरी पुरे. उधारीचा आणि करारातला व्यवहार लिहून ठेवावा, ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे. साधन तेवढे बदलले.

कायद्याची बाजू

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १० अ नुसार, केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्या कारणावरून करार निरर्थक ठरत नाही. म्हणजे मेलवर ठरलेला भाव हा ठरलेला भाव आहे. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ चे कलम ६३ लागू आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्राची गरज पडते; ते काम वकिलाचे. आपले काम एवढेच की मूळ मेल जागेवर असावा. मोबाइलवर काढलेल्या फोटोवर भिस्त ठेवू नये.

जीएसटीच्या कायद्यातही हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. पुष्कळ बिले आता मेलनेच येतात. मेल गेला तर बिल गेले.

चार खबरदाऱ्या

पहिली. ब्राउझरमध्ये मेल असणे ही सोय आहे तसा धोकाही आहे. ज्याने ब्राउझर उघडला त्याने तुमची पत्रे उघडली. म्हणून दुकानातील मशीनवर मालकाचे आणि नोकरांचे विंडोज खाते वेगळे ठेवावे आणि गादीवरून उठताना स्क्रीन बंद करावी. सायबर कॅफेच्या किंवा दुसऱ्याच्या मशीनवर हे कधीच बसवू नये.

दुसरी. "आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढील रक्कम नव्या खात्यात भरा," असा मेल आला तर हात थांबवा. पाठवणाऱ्याचे नाव ओळखीचे असते, पण पत्त्यात एखादे अक्षर बदललेले असते. नावावर जाऊ नये, पूर्ण पत्ता वाचावा. कधी तर पार्टीचा खरा पत्ताच चोराच्या हाती गेलेला असतो. मग पत्ता पाहूनही उपयोग नाही. म्हणून आपल्या डायरीतील जुन्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय एक रुपया पाठवू नये. त्या मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करणे म्हणजे चोरालाच चोरीबद्दल विचारणे. फसवणूक झालीच तर लाजून बसू नये. ताबडतोब राष्ट्रीय सायबर तक्रार क्रमांक १९३० वर कळवावे. जितकी घाई तितकी रक्कम अडवण्याची आशा अधिक.

तिसरी. मेलच्या पत्त्याला दुहेरी पडताळणी लावावी. मेलचा पासवर्ड हा दुकानाच्या तिजोरीची किल्ली आहे, कारण बाकीचे पासवर्ड बदलण्याची लिंक मेलवरच येते.

चौथी. नक्कल. महिन्यातून एकदा व्हिवाल्डी पूर्ण बंद करून त्याचे प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे. ते फोल्डर कोठे आहे हे हेल्प मेनूतील अबाऊटच्या पानावर लिहिलेले असते. डिस्क दुकानात ठेवू नये, घरी ठेवावी. आगीत किंवा पाण्यात दुकानाबरोबर नक्कलही गेली तर काय उपयोग? मोठ्या ऑर्डरचा मेल आणि त्यासोबतचे कागद वेगळे जतन करून छापूनही ठेवावेत.

कोणाला गरज नाही

सर्वांनीच हे घ्यावे असे आम्ही म्हणत नाही. ज्या कारागिराचा सारा कारोबार समोरासमोर किंवा एका मोबाइलवर चालतो, महिन्याला दोन मेल येतात, त्याला मोबाइलमधील साधी सोय पुरेशी आहे. शिवाय व्हिवाल्डीचा मेल कॉम्प्युटरवरच चालतो. मोबाइलच्या व्हिवाल्डीमध्ये तो नाही. मोबाइलवर नेहमीचे मेल ॲप ठेवावे. आयमॅपमुळे दोन्हीकडे तीच पत्रे दिसतात. जुन्या, कमी मेमरीच्या मशीनवर मोठा साठा जड जाऊ शकतो. पण ज्याच्याकडे दोनपेक्षा अधिक पत्ते आहेत, ऑर्डर बाहेरगावाहून येतात, आणि मेल पाहणारी माणसे एकापेक्षा अधिक आहेत, त्याने आज ना उद्या हा बंदोबस्त करावाच.

या आठवड्याचे काम

एका कागदावर फर्मचे आजवरचे सर्व मेल पत्ते लिहा. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा : कोण पाहतो, कोणत्या मशीनवर, पॉप की आयमॅप. ज्या पत्त्यासमोर "कोणी पाहत नाही" असे लिहावे लागेल, तेथेच एखाद्या पार्टीचा मेल पडलेला असण्याचा संभव आहे. तो आज उघडा. नंतर बाकीचे बसवा.

आमच्या दुकानात आता मुनीमजी सकाळी प्रथम त्या तीन याद्या उघडतात. मागच्या महिन्यात एका पार्टीने बीम भरायच्या आदल्या दिवशी पनहा बदलला. मुनीमजींनी मान वर न करताच सांगितले, "शेठ, त्रेपन्न करा. मेल आला आहे." विणकराला निरोप गेला आणि बीम त्रेपन्न इंचाच्या हिशेबाने भरले.